सवतीचं सिन

माझ्या थोरल्या बहिणीला सवत होती. सवत लाकडाची होती.

आमच्या लाओ मुलखातल्या पाकसाय गावाची शर्यतीची होडी, पन्नास वल्ह्यांची. नाव नांग दोकचान, म्हणजे पळसफुलाची बाई. विहाराच्या आवारात लांब छपराखाली ती वर्षभर ठोकळ्यांवर निजून असायची. ज्या झाडाची होडी करतात त्या झाडात एक बाई राहत असते. झाड पाडण्याआधी तिची परवानगी घ्यायची, मग ती होडीत राहायला येते. ते झाड पाडणाऱ्यांत मी होतो. करवतीचं एक टोक माझ्या हातात होतं. परवानगी मागितली तेव्हा झाड काही बोलल्याचं मला ऐकू आलं नाही. पण तितक्या टणक लाकडात करवत अशी सरळ जात नाही, ती गेली, एवढं खरं.

बहिणीचं नाव केतमनी. मत्सर तिच्यात लहानपणापासून होता. आई चिकट भाताचे गोळे करून आम्हा दोघांच्या हातात द्यायची. केतमनी आधी माझा गोळा हातात घेऊन तोलायची, मग स्वतःचा. रोज. शेजारच्या ऐतनं एकदा सिनवर हंसांची नक्षी काढली. सिन म्हणजे आमच्या बायका कमरेभोवती गुंडाळतात ते. केतमनीनं ते वस्त्र हातात घेतलं, उलटं करून मागचे धागे बघितले, छान म्हणाली, घरी आली आणि स्वतःच्या मागावरचं अर्धं झालेलं कापड उसवून टाकलं. पुढच्या कापणीपर्यंत तिच्या हंसांच्या पायाला बोटं आली होती. ऐतच्या हंसांना बोटं नव्हती.

मी जन्मभर माणसं कामावरून जोखली. मत्सर करून भिंतीला टेकून बसणारे मी पुष्कळ पाहिले. तिचा मत्सर मागावर बसायचा. पहाटे बसायचा आणि उजेड जाईपर्यंत उठायचा नाही. म्हणून मला तो कधी वाईट वाटला नाही.

माझ्यातही तो होता. होडीच्या शेवटच्या पाटावर बसून लांब वल्ह्यानं दिशा राखणारा माणूस म्हणजे होडीचा धनी. तो पाट आमच्या वडिलांचा. तो मला मिळेल असं मी धरून चाललो होतो. मग केतमनीचं लग्न झालं. आमच्याकडे जावई मुलीच्या घरी राहायला येतो. थित फुवोंग खालच्या गावाहून आले. थित म्हणजे काही वर्षं चीवर घालून भिक्खू राहिलेला आणि मग संसारात आलेला माणूस. हडकुळे, कमी बोलणारे, हात बायकांसारखे लांब. वडिलांनी त्यांना दोन पावसाळे होडीत बसवलं आणि मागचं वल्हं त्यांच्या हातात दिलं.

मी वडिलांना विचारलं, "माझं काय चुकलं?"

वडील म्हणाले, "चुकलं काही नाही. करवतीचा हात जड असतो. तू ओढायला चांगलास."

मी दाजींच्या पुढच्याच पाटावर बसलो आणि ओढत राहिलो. इतकी वर्षं त्यांच्या वल्ह्याचं पाणी माझ्या पाठीवर उडत होतं.

दाजी विणकराच्या घरात आले, पण त्यांचं मन त्या छपराखाली लागलं. वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात विहारातच राहतात त्या तीन महिन्यांत तर घरी ते फक्त जेवायला यायचे. होडीच्या अंगाला तेल चोळायचे. भेगांत राळ भरायची. उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या व्रताच्या दिवशी तिच्या नाकाडासमोर, पुढच्या टोकासमोर, फुलं, मेणबत्त्या, एक आरसा, एक फणी, पावडरचा डबा, अत्तराची कुपी. तिथे बसून ते तिच्याशी बोलायचे. घरी न बोलणारा माणूस तिथे बोलतो, हे गावातल्या बायकांनी केतमनीला अगदी काळजीच्या सुरात सांगितलं. मुलंबाळं झाली नव्हती. बायका सांगताना तेही मध्ये आणायच्या.

"पावडर कुठली आणली होती त्यांनी?" तिनं एवढंच विचारलं.

"गुलाबाची."

"मला कधी तोंडाला लावायला तांदळाचं पीठ पण आणलं नाही."

तेव्हापासून ती होडीला धाकटी म्हणू लागली. दाजी घरातून निघाले की विचारायची, "धाकटीकडे का? तिला सांगा, थोरलीनं चटणी वाटून ठेवलीय, भूक लागली तर ये म्हणावं." दाजी हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. त्यानं ती आणखी पेटायची. छपराखाली बायकांनी जायचं नाही, होडीला बाईचा हात लागू द्यायचा नाही, असा नियम आहे. केतमनी पाण्याला जाताना मुद्दाम विहाराच्या कुंपणाकडून जायची आणि तिच्याकडे बघून घ्यायची. एकदा मला म्हणाली, "पोट सुटलंय तिचं." मी सांगितलं, ते मधल्या फळ्या फुगल्यात, पाऊस जास्त झालाय. "तेच म्हणते मी," ती म्हणाली.

मी सांगतोय ते वर्ष तिच्या केसांत पांढरं दिसायला लागल्यावरचं. माझी करवत तेव्हा खुंटीला टांगून झाली होती. त्यांच्या घराखाली, खांबांच्या मध्ये, जिथे माग असतो, तिथे मी मागाचा एक पाय बदलत होतो. जुना उधईनं खाल्ला होता. मागावर लाल रेशीम होतं. लाखेचा रंग तिनं स्वतः काढला होता. अंगावर नाग, एकमेकांच्या शेपटीत शेपूट घातलेले, आणि खालच्या काठाला बारीक पळसफुलं. पळसफुलं का, ते मी विचारलं नाही. त्या एका सिनवर दोन उन्हाळे गेले होते.

दाजी येऊन खांबाला टेकले. "केत, हे कधी उतरेल मागावरून?"

"का?"

"सहज."

"सहज? इतकी वर्षं हा माग खाली खडखडतोय, तुम्हाला घरातल्या मांजराएवढा पण कधी ऐकू आला नाही."

दाजींनी खांबावरचं सालपट नखानं काढलं. "यंदा तिला चांगलं द्यावं म्हणतो."

धोटा थांबला. "कुणाला?"

दाजींनी ते सालपट बोटांत चुरलं.

"नाव घ्या की. नव्या नवऱ्यासारखे लाजताय काय?"

"गेल्या वर्षी नदीच्या पलीकडच्या काठानं त्यांच्या होडीला रेशीम नेसवलं होतं. आपण सुती पट्टी बांधली. ती नाराज होती. मागच्या पाटावर कळतं ना. वल्हं टाकलं की मान फिरवायची."

"बायको समोर बसून मान फिरवते ते दिसत नाही. तिची मान मागून कळते तुम्हाला."

मी पाचर ठोकत राहिलो. नवराबायकोच्या मध्ये हातोडा चालू ठेवलेला बरा.

दाजी म्हणाले, "गावाची अब्रू आहे."

"हे मी माझ्यासाठी विणलंय. दुसऱ्यांच्या लेकींच्या लग्नाला विणली, भिक्खूंच्या दानाला विणली, धाकटीच्या पट्ट्या विणल्या. हे माझं. थोरल्या स्तूपाच्या जत्रेला नेसणार होते."

"तुझ्याकडे आहेत की."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्याकडे किती सिन आहेत, कोणत्या रंगाची आहेत, हे त्या माणसाला सांगता आलं नसतं. होडीत किती खिळे आहेत ते तो झोपेत सांगेल.

मला तेव्हा समजलं की भांडण रेशमाचं नाही. तिला एवढंच हवं होतं, की एकदा, ती आणि होडी अशा दोघी समोर असताना, या माणसानं तिला निवडावं. बाकी सगळं ती विणून घेऊ शकत होती. हे विणता येत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "देते."

दाजी खूश होऊन गेले. मी हातोडा खाली ठेवला. "ताई, इतक्या लवकर?"

"लुन, तू पाय नीट बसव. डुगडुगतोय अजून."

वर्षावास संपला की सण आणि सणाला शर्यत, त्याला थोडे दिवस राहिले होते. रोज दुपारनंतर सराव. मी उरलेली एक पाचर द्यायला तिच्या घरी गेलो, तेव्हा दाजी होडीकडे होते. घराखाली केतमनी उभी होती. ते लाल सिन तिनं नेसलं होतं. शिवून घेतलेलं, पुढे निरी नीट दाबलेली, वर आईचा चांदीचा पट्टा. केसांचा अंबाडा उंच, त्यात एक चाफ्याचं फूल. माग आणि भाताचं उखळ यांच्या मध्ये ती हळूहळू चालत होती. जात होती, वळत होती, परत येत होती. बघायला कुणी नव्हतं. एक कोंबडी होती.

मला बघून थांबली नाही.

मी म्हणालो, "ताई, हे काय केलंस?"

"काय केलं?"

आता हे सांगायला हवं. होडीला सिन द्यायचं ते कोरं. बाईनं नेसलेलं सिन पुरुषाच्या डोक्यावर, डोक्यापुढे येऊ द्यायचं नाही. त्यानं पुरुषाचं बळ जातं. दोरीवर वाळत घातलेल्या सिनखालून आमच्याकडे कुणी पुरुष जात नाही, वळसा घालतो. आणि हे सिन होडीच्या नाकाडाला बांधलं जाणार होतं, पन्नास जणांच्या पुढे.

"आम्ही त्याच्या मागे बसणार आहोत," मी म्हणालो.

"बसा की. दंडात जोर असला तर होडी जाईल. नसला तर कोऱ्यानं पण जाणार नाही. तूच सांगत असतोस ना सगळ्यांना?"

"तरी पण."

"थोरलीच्या अंगावरून उतरलेलं धाकटीला मिळतं. आधी मी नेसणार. मग तिला काय ते मिळेल." तिनं निरीवरून हात फिरवला. "कसं दिसतंय?"

"चांगलं."

"तुला काय कळतंय? तू लाकडं कापणारा."

पाचर उखळावर ठेवून मी निघालो. कुणाला बोललो नाही. बहीण माझी होती. आणि जोर दंडात असतो, असं मी खरंच सांगत आलो होतो.

सणाच्या सकाळी होडी पाण्यात उतरवली. ओन आजांनी, म्हणजे आमच्या होडीचे विधी करणाऱ्या म्हाताऱ्यांनी, मंत्र म्हटले. तबकात घडी घातलेलं लाल सिन होतं. दाजींनी ते उचलून उलगडलं. मी शेजारी दोरी धरून उभा होतो. उलगडता उलगडता त्यांचे हात थांबले. वरच्या बाजूला, कमरेच्या जागी, बोटभर रुंद काळसर रेघ होती. चांदीचा पट्टा घामावर असा डाग सोडतो. त्यांनी बोट त्या रेघेवरून नेलं, अगदी हलकं, होडीची भेग तपासताना नेतात तसं.

मला वाटलं, आता संपलं. ते ओरडतील, सिन फेकतील, केतमनीला सगळ्या गावासमोर उभी करतील.

त्यांनी वस्त्राची घडी फिरवली. रेघ आत गेली. मग त्यांनी ते नाकाडाला गुंडाळलं, पळसफुलांचा काठ खाली, आणि तीन गाठी मारल्या. गाठी पक्क्या होत्या. मग मागे जाऊन पाटावर बसले.

समोर पलीकडच्या काठाची होडी आली. खोंग नदी मध्ये, पलीकडे दुसरा देश. बोली आमचीच. माझी आजी तिकडचीच होती. तिकडच्या पोरांना शाळेत वेगळी भाषा शिकवतात, पण शिव्या द्यायची वेळ आली की तोंडात लाओच येते.

"अरे पाकसायवाल्यांनो," त्यांच्यातला एक ओरडला, "नवरीला घेऊन कुठे निघालात?"

"तुझ्या बापाला दाखवायला!" आमच्यातलं कुणीतरी.

"सासरी नीट राहा म्हणावं! दुपारपर्यंत परत पाठवतो!"

दोन्ही काठ हसले. झेंडा पडला.

शर्यतीचं मी थोडक्यात सांगतो. सुरुवात आमची चांगली झाली. अर्ध्या वाटेपर्यंत आमचं नाक पुढे होतं. मग मधले पाट ढिले पडले. पाणी खांद्यानं ओढून येत नाही, कमरेतून ओढावं लागतं, आणि आदल्या संध्याकाळी ज्यांनी भाताची दारू ढोसली होती त्यांच्या कमरेत काही उरलं नव्हतं. वल्ही पाण्याला नुसती शिवत होती. मला मागून ऐकू येतं कोण ओढतोय आणि कोण हलवतोय. दाजींचं वल्हं एकदाही चुकलं नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे दुसरंच बोललं गेलं. पलीकडच्यांनी शेवटी एका नाकानं बाजी मारली. त्यांची पोरं कोवळी होती आणि सगळी ओढत होती. हरलो ते एवढ्यावर.

होडी छपराखाली आणली. ओन आजा नाकाडाचं सिन सोडायला गेले. ओलं झाल्यावर डाग उठून आला होता. आजांनी वस्त्र उजेडात धरलं.

"हे नेसलेलं आहे."

पन्नास माणसं जवळ सरकली. आवाराच्या दुसऱ्या टोकाला बायका मोठ्या भांड्यांवर भाताच्या टोपल्या वाफवत होत्या. त्यांनीही माना वळवल्या. केतमनी त्यांच्यात होती. तिच्या हातात पळी होती. तिनं ती खाली ठेवली.

"कुणी नेसलं हे?" आजांनी विचारलं.

केतमनीनं एक पाऊल पुढे टाकलं. तिची हनुवटी वर होती. ती बोलणार होती, मला दिसत होतं. नुसतं सांगणार नव्हती, इतक्या वर्षांचं सगळं तिथे ओतणार होती.

"मी," दाजी म्हणाले.

आजा त्यांच्याकडे वळले. "तू काय?"

"मी नेसलं. लांबीला पुरतंय का ते बघत होतो."

"बाईचं सिन? तू?"

"पट्टा पण लावला. नाहीतर घसरतं."

आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग मधल्या पाटावरच्या एकानं तोंड उघडलं, "थित, अंबाडा पण घातला होतात का?"

"केस कमी पडले," दाजी म्हणाले.

मग सगळे हसले. माणसं वाकून वाकून हसली. ज्या माणसानं चीवर घातलं होतं, ज्याला आजा सोडून गावात कुणी एकेरी बोलवत नसे, त्या माणसाला हसत होती. दाजी मध्ये उभे होते, ओले, बारीक, हात खाली सोडून. मी हसलो नाही. मला माहीत होतं आईचा पट्टा केवढा आहे. तो दाजींच्या कमरेला पुरला नसता.

"खोटं बोलतायत ते!" केतमनी ओरडली. "आजा, ऐका..."

"केत," दाजी म्हणाले, आवाज न चढवता. "भाताखालचं पाणी आटेल. बघ जा."

"भात गेला..."

"बघ जा."

ती जागच्या जागी उभी राहिली.

ओन आजाही हसले नव्हते. म्हातारा मूर्ख नव्हता. त्यांनी दाजींकडे बघितलं, केतमनीच्या कमरेकडे बघितलं, हातातल्या रेघेकडे बघितलं. मग म्हणाले, "तू म्हणतोस तर तू. पण सिन नेसलेला माणूस मागच्या पाटावर बसत नाही, फुवोंग. तिची क्षमा माग. वल्हं ठेव."

दाजींनी लांब वल्हं आणून होडीच्या अंगाला टेकवलं. फुलं, मेणबत्त्यांची जोडी घेतली, नाकाडासमोर गुडघे टेकले आणि डोकं जमिनीला लावलं. तीनदा. कुणी हसत नव्हतं आता.

तेव्हा केतमनी आली. छपराच्या कडेपर्यंत, जिथून पुढे बायकांनी यायचं नाही तिथपर्यंत. तिथे पाय मागे दुमडून बसली. हात जोडले. दाजींच्या पाठीमागून ती होडीकडे बघत होती आणि बोलली तेव्हा होडीशीच बोलली. मी जवळ होतो म्हणून ऐकलं.

"धाकटे," ती म्हणाली, "हे डोकं टेकवतायत ना, ते तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी टेकवतायत. कळलं का तुला?" थोडी थांबली. "कळलं असेल. तू पण बाई आहेस. आता राग धरू नकोस."

आणि मग तिनं स्वतःचं डोकं टेकवलं.

वाळायला टाकलेलं ते सिन आता होडीला चालणार नव्हतं. आजांनी मला घडी करून दिलं, "ज्याचं त्याला दे" म्हणाले. कुणाला द्यायचं ते सांगितलं नाही.

ऊन कलताना मी ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. वरच्या ओसरीवर दाजी बसले होते. केतमनी त्यांच्या मनगटाला पांढरा सुती दोरा बांधत होती. माणूस घाबरला, दमला, अपमान झाला की त्याचे प्राण अंगातून भटकतात. दोरा बांधून त्यांना परत बोलवायचं. "या रे, घरी या, भात वाफवलाय, मासा भाजलाय," असं ती पुटपुटत होती. गाठ मारून झाल्यावर तिनं विचारलं, "आले का सगळे?"

"आले असतील."

"एखादा राहिला असेल छपराखाली. तुमचं काही सांगता येत नाही."

"बघून येऊ?"

"उठून तर बघा."

मी घडी मध्ये ठेवली. कुणी तिला हात लावला नाही. भाताची करंडी उघडली, ठेचा पुढे ओढला. आम्ही तिघं खायला लागलो. केतमनी घासाकडे बघत म्हणाली, "तुम्हाला सकाळीच दिसलं होतं."

"हो."

"मग बांधलंत का?"

दाजींनी भाताचा गोळा बोटांत फिरवला. मग म्हणाले, "सोडून दिलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, कुणी नेसलं."

"विचारलंच ना."

"हो. तेव्हा मी होतो."

तिनं मासा त्यांच्याकडे सरकवला. दाजी आणखी काही शब्द शोधत होते. पन्नास माणसांपुढे ज्याची जीभ अडली नाही, तो माणूस स्वतःच्या ओसरीवर अडखळत होता.

"मला दाखवायचं होतंस," ते शेवटी म्हणाले. "नेसलीस तेव्हा. तूच सांगितलंस, लुननं बघितलं. कोंबडीनं बघितलं असेल. मी नाही बघितलं."

केतमनी उठली, सिन उचललं आणि आत गेली. मला वाटलं रडायला गेली. पट्ट्याचा आवाज आला. मी हात धुतले आणि जिना उतरून माझ्या घरी गेलो. ते बघायला मला कुणी बोलावलं नव्हतं.

वाटेत मला राग आला होता. हरल्याचा नाही. माझी बायको पेंग चांगली बाई आहे, तिनं मला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण माझ्यासाठी कुणी लाकडाचा मत्सर केला नव्हता. मी आयुष्यभर ओढलं, कुणाच्या डोळ्यांत त्यानं पाणी आलं नव्हतं की आग आली नव्हती. दाजींना मागचा पाट मिळाला तेव्हा वाईट वाटलं होतं. त्यांनी तो सोडला तेव्हा जास्त वाटलं.

मागचं वल्हं गावानं मला दिलं. पुढच्या वर्षी होडीचं वस्त्र आता पेंगनं, मागचं वल्हं धरणाऱ्याच्या बायकोनं, द्यायचं होतं. पेंगला सिनला सरळ काठ घालता येत नाही. तिनं सुरुवात केली होती ती केतमनीनं येऊन बघितली.

"हे काय? हे बांधून जाणार तुम्ही? पलीकडच्या बाया काय म्हणतील?"

"मग तू कर," पेंग म्हणाली. "सवत तुझी आहे."

"माझीच आहे. दुसऱ्या कुणी तिला चिंध्या नेसवायच्या नाहीत." ती सूत घेऊन गेली. निळीच्या रंगाचं केलं, पांढरे हंस, बोटांसकट. कोरं. माझ्या हातात देताना म्हणाली, "वास घेऊन बघ हवं तर. नेसलेलं नाही."

सणाच्या दिवशी मी मागच्या पाटावर बसलो. ज्या पाटासाठी इतकी वर्षं पोटात जळलं त्या पाटावर. वल्हं लांब आणि जड, हात खरंच जड. वडील बरोबर होते. झेंडा पडायच्या आधी मी काठाकडे बघितलं. चिंचेच्या सावलीत चटईवर केतमनी बसली होती. लाल सिन, नाग, पळसफुलं, वर आईचा पट्टा. शेजारी दाजी. मला वाटलं होतं ते उभे असतील, मान ताणून, माझी प्रत्येक चूक मोजत. मनातून मला तेच हवं होतं.

आम्ही जिंकलो. अर्ध्या नाकानं, पण जिंकलो. पलीकडच्यांनी तोंडभर शिव्या दिल्या, आपल्याच भाषेत, म्हणून सगळ्या समजल्या. मी अंगातलं पाणी निथळत तसाच चिंचेखाली गेलो.

"दाजी, बघितलंत? वळणावर मी थोडं उशिरा टाकलं का?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा जरा ओशाळला होता.

"नाही बघितलं."

"म्हणजे? शर्यत नाही बघितली?"

"नाही."

मी केतमनीकडे वळलो. ती करंडीतून भात काढत होती. आधी त्यांना गोळा दिला, मग स्वतःला घेतला, मग मला. माझा बारीक होता.

"मी बघू दिली नाही," ती म्हणाली.